तोरणा आल्यावर काढणे

मागच्या श्रावणात एका दुपारी, जेवणानंतरची सुस्ती सगळ्या मजल्यावर पसरलेली असताना, आमच्या टीममध्ये नुकतीच आलेली भुवनेश्वरची एक मुलगी उघडा लॅपटॉप हातावर तोलत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पडद्यावर तेरा वर्षांपूर्वीचा कोड होता. बिलांवरच्या तारखांमधला दिवस आणि महिना यांची अदलाबदल करून घेणाऱ्या अकरा ओळी, आणि त्यांच्या डोक्यावर एक टिप्पणी. टिप्पणी इंग्रजीत होती; मराठीत सांगायची तर ‘तात्पुरते. तोरणा आल्यावर काढणे’ एवढीच. तिच्याखाली माझीच आद्याक्षरे होती. ‘सर, ये तोरणा कौन है?’ तिने अगदी गंभीरपणे विचारले. तोरणा नावाची कुणी बाई तेव्हा रजेवर गेली असावी आणि ती कामावर परतल्यावर या ओळी काढणार असावी, अशी तिची समजूत झाली होती. मी हसलो, तो किल्ला आहे आणि त्याच्या नावाची आमच्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती होती, असे सांगितले. तीही हसली, आणि मग तिने सरळ प्रश्न विचारला: ती कितवी आवृत्ती होती? कारण आमचा एक जुना ग्राहक अजून ४.६ वापरतो आणि त्याची बिले रोज रात्री आमच्या नव्या सर्व्हरवर येऊन पडतात. तोरणा ४.६ च्या आधीचा असेल तर त्या बिलांच्या तारखा आधीच सरळ असणार आणि या अकरा ओळी निर्धास्त काढता येतील. नंतरचा असेल तर नाही.

मला तो आकडा सांगता आला नाही.

आवृत्त्यांना किल्ल्यांची नावे देण्याची पद्धत आमच्याकडे २००९ च्या सुमारास पडली. पहिले नाव अर्थातच सिंहगड होते, कारण टीममधले निम्मे लोक दर रविवारी तिथे पिठले-भाकरी खायला जात असत आणि उरलेले निम्मे जायचे ठरवत असत. मग एक नियम झाला की, टीममधल्या किमान एका माणसाने जो किल्ला पायी चढलेला नाही त्याचे नाव वापरायचे नाही. या नियमापायी आम्ही पावसात भिजलो, करवंदीच्या जाळ्यांत शर्ट फाडून घेतले, आणि चेन्नईहून आलेला आमचा एक सहकारी, जो शेवटपर्यंत ‘थोरणा’ असाच उच्चार करत राहिला, तो वेल्ह्याच्या बाजूने चढताना कड्यातल्या रेलिंगला धरून पंधरा मिनिटे हलला नव्हता. नावे एकदा तोंडात बसली की त्यांच्यावर क्रियापदेही चढू लागतात. ‘पुरंदर रात्री दोन वाजता पडला’ असे कुणी लिफ्टमध्ये फोनवर म्हणाले की शेजारच्या कंपनीतला माणूस वळून पाहत असे. राजगड आम्ही गोठवला होता, लोहगड टेस्टिंगवाल्यांच्या ताब्यात होता, आणि तोरण्याचे काम इतके वाढत गेले की त्याचे दुसरे नाव प्रचंडगड आहे याची आठवण रोज कुणी ना कुणी करून देत असे. पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी निळ्या मार्करने झुंजार माचीची रेघ काढली होती. ती इतके महिने पुसली गेली नाही की नंतर ती पुसताच येईना.

आकडे तेव्हाही होतेच. ते पडद्याच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात करड्या रंगात, कुणाचे लक्ष जाऊ नये अशा बेताने बसलेले असत. मोठ्या आवृत्तीला नाव आणि आकडा दोन्ही मिळत. मधल्या डागडुजीला नुसता आकडा. त्यामुळे नावांची एक यादी आणि आकड्यांची दुसरी यादी, अशा दोन समांतर वंशावळी आमच्याकडे वाढत होत्या आणि त्यांची गाठ कुठे पडते हे लिहून ठेवण्याची गरज कुणालाच वाटली नाही. आपल्याला हे कायम आठवत राहील, अशी त्या वयातली खात्री.

नावांचे हे वेड मला त्याच्याही आधी लागले होते. २००६ साली मी कराडला हॉस्टेलवर असताना उबुंटूच्या सीडी फुकट मागवता येत असत. अर्ज भरायचा आणि विसरून जायचे. मग काही आठवड्यांनी पोस्टमन एक जाड पाकीट घेऊन यायचा आणि परदेशी तिकिटे पाहून वॉर्डनच्या चेहऱ्यावर आदर उमटायचा. त्या आवृत्तीचे नाव होते डॅपर ड्रेक, म्हणजे नीटनेटका, नटून निघालेला नर बदक. संगणकाच्या चालक प्रणालीला बदकाचे नाव देता येते, आणि तेही इतक्या निगुतीने विशेषण लावून, याचा मला जो आनंद झाला तो त्या प्रणालीतल्या कुठल्याही सोयीने झाला नव्हता. पाकिटावर मात्र ६.०६ असा आकडा होता. उबुंटूचा आकडा हा खरे तर तारखेचाच एक प्रकार आहे: २००४ च्या दहाव्या महिन्यात आलेली पहिली आवृत्ती ४.१०, पुढची ५.०४, मग ५.१०. दर सहा महिन्यांचा हा पाळणा ठरलेला, तेव्हा आमच्या हातातली सीडी ६.०४ असायला हवी होती. पण ती पहिलीच दीर्घ मुदतीची, म्हणजे वर्षानुवर्षे दुरुस्त्या मिळत राहणारी आवृत्ती असल्यामुळे सहा आठवडे उशिरा, १ जून २००६ ला आली, आणि तो उशीर तिच्या आकड्यात कायमचा कोरला गेला. बदकाला त्याची झळ लागली नाही. एप्रिलमध्येही तो डॅपर ड्रेकच होता आणि जूनमध्येही. नाव हे बेत ठरवताना ठेवता येते, तारखेचा आकडा मात्र काम संपल्याशिवाय खरा मानता येत नाही, हे मला पुढे नोकरीत, स्वतः तारखा चुकवू लागल्यावर कळले.

डेबियन ही उबुंटूसारखीच एक चालक प्रणाली. ती बनवणाऱ्यांना तर आकड्याने एकदा पुरतेच फसवले होते. १९९५ च्या डिसेंबरात त्यांची १.० ही आवृत्ती अजून घडत असतानाच एका सीडी विकणाऱ्या कंपनीने तो अर्धाकच्चा माल ‘१.०’ म्हणून छापून विकला. आता खरी १.० काढली तरी लोक तिला त्या मोडक्या सीडीसारखीच समजणार, म्हणून त्यांनी तो आकडाच सोडून दिला आणि पुढच्या वर्षी थेट १.१ काढली. डेबियनची १.० ही आवृत्ती जगात कधी आलीच नाही. अपुऱ्या कामाच्या फोल्डरवर आकडा लिहिण्याची चूक पुन्हा नको म्हणून सांकेतिक नावे आली, आणि तेव्हाचे प्रकल्पप्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये काम करत असल्यामुळे ती ‘टॉय स्टोरी’तल्या खेळण्यांची आली: बझ, रेक्स, बो, पुढे वुडी, सार्ज, लेनी. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग सिडचा आहे. सिड म्हणजे त्या चित्रपटातला, खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. डेबियनमध्ये जिथे रोज नवे काहीतरी येऊन पडते आणि रोज काहीतरी मोडू शकते, त्या कायमच्या अस्थिर शाखेला हे नाव आहे. बाकीची खेळणी मोठी होतात, त्यांना आकडा मिळतो, ती निवृत्त होतात. सिड मात्र कधीच प्रकाशित होणार नाही आणि त्याला आकडाही कधी मिळणार नाही.

अर्थात नुसत्या नावांची मोठी अडचण म्हणजे त्यांना रांगेत उभे राहता येत नाही. वुडी आधी की लेनी आधी, हे पाठ असलेल्यालाच माहीत. यावर उबुंटूने आणि अँड्रॉइडने एकच तोड काढली ती वर्णमालेची. डॅपरपासून पुढे एज्जी, फाइस्टी, गट्सी, हार्डी असे एकेक अक्षर पुढे सरकत गेले. अँड्रॉइडने कपकेक, डोनट, एक्लेअर, फ्रोयो अशी मिठाईची पंगत मांडली. नाव म्हणजेच आकडा, फक्त वेशांतर केलेला. २०१५ मध्ये ‘एम’ची पाळी आली तेव्हा आमच्या कँटीनमध्ये मोदकाच्या बाजूने इतकी जोरदार चर्चा झाली होती की उकडीचे की तळणीचे, या उपप्रश्नावर दोन टेबले फुटली. आले मार्शमॅलो. पुढच्या वर्षी ‘एन’साठी केरळच्या लोकांनी नेय्यप्पमचा आग्रह धरला, आणि आले नूगट. आमच्यातल्या कुणीही तोवर या दोन्ही वस्तू खाल्लेल्या नव्हत्या. २०१९ साली गूगलने ही पंगत उठवली आणि नुसते ‘अँड्रॉइड १०’ असे म्हटले, तेव्हा दिलेल्या कारणांत हेही होते की काही देशांत ‘पाय’ (हे नवव्या आवृत्तीचे नाव) हे गोड पक्वान्न नसते आणि काही भाषांत ‘एल’ आणि ‘आर’ हे उच्चार वेगळे ऐकू येत नाहीत. कारण पटण्यासारखेच होते, आणि तरी हिरमोड झाला. त्यांच्या आतल्या खोलीत मात्र मिठाई चालूच आहे. दहाव्या आवृत्तीला तिथे क्विन्स टार्ट म्हणत होते, तेराव्या आवृत्तीला तिरामिसू. पाहुण्यांसाठी आकडा आणि घरच्यांसाठी लाडाचे नाव, ही वाटणी तशी आपल्याला नवी नाही. (मराठी वर्णमालेने जायचे ठरवले असते तर ‘क’पासून निघालेला आमचा गाडा ‘ङ’ पाशीच रुतला असता. ‘ञ’, ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्या वाट्यालाही ना किल्ला आला असता, ना पक्वान्न.)

मायक्रोसॉफ्टची एक गोष्ट मला नावांचा मोह झाला की आठवते. विंडोज एक्सपीचे आतले नाव होते व्हिसलर आणि त्यानंतरच्या मोठ्या उडीचे ब्लॅककोम. ही कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामधल्या दोन शेजारी डोंगरांची नावे. मध्ये एक छोटीशी आवृत्ती काढावी असे ठरले, तेव्हा तिला त्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या लाँगहॉर्न नावाच्या मद्यालयाचे नाव दिले. दोन चढणींच्या मध्ये घटकाभर टेकायची जागा, एवढाच त्यात भाव. प्रत्यक्षात एक्सपी आली २००१ च्या ऑक्टोबरात आणि ते लाँगहॉर्न ‘व्हिस्टा’ होऊन सर्वसामान्य लोकांच्या हाती पडले २००७ च्या जानेवारीत. घटकाभर म्हणून टेकलेली मंडळी पाच वर्षांहून अधिक काळ तिथेच बसली होती. त्यानंतर आली ती विंडोज ७, जिचा आतला आकडा मात्र ६.१ आहे, कारण कितीतरी जुने प्रोग्राम पहिला आकडा बदललेला पाहून चालायलाच नकार देतात आणि त्यांना बिचकवायचे नव्हते. म्हणजे पाटीवर लिहिलेला सात हा तर आकड्याच्या रूपातले नाव होता. आजही विंडोज ११ ला आतून विचारले तर ती स्वतःला १०.० च म्हणवते.

हे सगळे मी एकदा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगत होतो. ते वाळव्याकडचे ऊसकरी, आणि त्यांना माझ्या नोकरीतले एवढेच कळते की मी काहीतरी बनवतो आणि ते वारंवार बिघडते. नावे दिली की माणसांना लक्षात राहतात, आकडे राहत नाहीत, असा माझा सिद्धांत मी मांडला. ते पान लावत होते. ‘आमचं तर उलटंच हाय की,’ ते म्हणाले. ‘शहाऐंशी शून्य बत्तीस सोडून दुसरं काय म्हणतो का आपण?’ मी गप्प झालो. को ८६०३२ हा वाण आमच्या रानात माझ्या शाळेच्या दिवसांपासून आहे. त्यातले ‘को’ कोइमतूरचे आणि ८६ हे सालाचे, म्हणजे उबुंटूने जी युक्ती २००४ मध्ये केली ती ऊस संशोधकांनी केव्हाच केलेली होती. या उसाला कागदोपत्री नावही आहे, पण ते गावात कुणाच्या तोंडी मी ऐकलेले नाही. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून आलेला दुसरा वाण को एम ०२६५. त्याला ‘फुले २६५’ असे नाव देऊनही लोकांनी फुले बाजूला ठेवून ‘दोनशे पासष्ट’ एवढेच उचलले. कारखान्यावर तोडीची नोंद करताना, बेणे मागताना, साखरेच्या उताऱ्यावरून भांडताना हेच आकडे अशा मायेने आणि रागाने उच्चारले जातात की, आकडा रुक्ष असतो असे म्हणणाऱ्याने एकदा गळीत हंगामात आमच्या कट्ट्यावर येऊन बसावे. म्हणजे ओढ शब्दात किंवा अंकात नसून ज्याच्याशी रोजचे जगणे बांधलेले आहे त्याच्यात असते, असे मला त्या दिवशी वाटले. आणि लगेच असेही वाटले की, मग तोरण्याचा आकडा मला का आठवू नये?

आपल्या घरात वर्षालाही दोन्ही असतात, हे पाडव्याला लक्षात येते. शके १९४७ हा आकडा आणि विश्वावसु हे नाव. पंचांग वाचणारा दोन्ही एका दमात म्हणतो. नावे साठच. प्रभवापासून निघून क्षयापर्यंत जायचे आणि पुन्हा प्रभव. उबुंटूची वर्णमाला २०१७ मध्ये ‘झेड’ला संपून पुन्हा ‘ए’पासून सुरू झाली, तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवले होते. आकडा कधी मागे फिरत नाही आणि नाव फिरून येते, त्यामुळे माणूस फार तर दोनदाच आपल्या जन्मसंवत्सराला भेटतो, तेही साठी गाठली तर. माझ्या मुलीचा जन्म नंदन संवत्सरातला. तिला ते नाव मुलाचे वाटते म्हणून ती सांगत नाही, २०१२ एवढेच सांगते.

आमच्या कंपनीत किल्ले बंद झाले ते २०१६ साली, आणि तेही कुणी वाईट माणसाने केले असे नाही. परदेशातल्या ग्राहकांना हरिश्चंद्रगड म्हणता येईना. एका बैठकीत त्यांच्यापैकी एकाने तीनदा प्रयत्न करून शेवटी ‘तो एच वाला’ असे म्हटले आणि सगळे हसले. त्यानंतर वर्ष आणि तिमाही असा आकडा आला, पुढे तिमाहीचा महिना झाला, आणि आता दर पंधरवड्याला काही ना काही बाहेर पडते. आपण वापरतो त्या क्रोमची आणि फायरफॉक्सचीही आता दर थोड्या आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. कितवी चालू आहे ते कुणी पाहत नाही. २०२२ मध्ये दोघांनीही शंभरी गाठली, आणि आवृत्तीचा आकडा दोनच अंकी असणार असे धरून चाललेल्या काही संकेतस्थळांवर त्याने गडबड होईल की काय, अशी चिंता त्यांच्या अभियंत्यांना पडली होती. नाव देण्यासाठी वाट पाहावी लागते, पोटात काहीतरी वाढत असल्याची जाणीव लागते. दर पंधरवड्याला बारसे कोण करणार?

तरी आकड्यांनीही कधीकधी जीव लावला आहे. डोनाल्ड क्नुथ यांनी गणिताच्या आणि पुस्तकांच्या छपाईसाठी लिहिलेल्या टेक या प्रणालीचा आकडा पाय या गणिती स्थिरांकाकडे सरकत जातो: ३.१, ३.१४, ३.१४१. मोठे बदल आता करायचे नाहीत, फक्त चूक सापडली तर दुरुस्त करायची आणि एक अंक वाढवायचा. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर हा आकडा थेट पाय करावा आणि तोवर उरलेल्या चुका यापुढे चुका नसून प्रणालीचा भाग समजाव्यात, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा रात्रीच्या पाळीत होतो आणि मला बराच वेळ पुढचे काम सुचले नव्हते.

असो, मला तोरण्याचा आकडा हवा होता. जुन्या सामायिक फोल्डरमध्ये एक एक्सेल सापडले, ज्यात आमच्यापैकी कुणीतरी शहाणपणाने नाव आणि आकडा शेजारीशेजारी लिहून ठेवले होते. मी ते भुवनेश्वरच्या मुलीसमोर थोड्या विजयाने उघडले. तोरणा: ४.१. म्हणजे ४.६ च्या आधीचा, म्हणजे त्या ग्राहकाच्या बिलांना धोका नाही, अकरा ओळी काढायला मोकळीक. तिने काढायला घेतल्याही. पण ती पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली की, राजगडही ४.१ च आहे. खरेच, चार ओळी वर राजगडपुढेही ४.१ होते. दोन किल्ले, एक आकडा. मला वाटले कुणाची तरी टंकनाची चूक असेल, आणि अंदाजाने मी ती तशी मानूनही टाकली असती.

संध्याकाळी घरी हे सांगताना मुलीने गणिताच्या वहीतून मान वर केली. आमच्याकडे ४.९ नंतर ४.१० येते हे मी तिला पूर्वी कधीतरी सांगितले होते, आणि ते तिला मुळीच मान्य नव्हते. तिच्या मते ४.१० म्हणजे ४.१ च, आणि तो ४.९ पेक्षा लहान आहे. शेवटच्या शून्याला किंमत नसते हे शाळेत शिकवतात. ‘बाबा, तुम्ही दशांश चिन्ह नुसतं शोभेला लावता,’ ती म्हणाली. मी तिच्याकडे पाहत राहिलो. एक्सेलनेही शाळेत हेच शिकले आहे. ४.१० लिहिले की ते शेवटचे शून्य गिळते आणि ४.१ करून टाकते. त्याच्या लेखी तो अपूर्णांक असतो, आणि आमच्या लेखी ते चार आणि दहा असे दोन पूर्णांक, मध्ये फक्त एक ठिपका.

खात्रीसाठी मी आमच्या जुन्या टीममध्ये ज्याला सगळे ‘मामा’ म्हणत त्याला फोन लावला. तो आता डॅलसजवळ राहतो. तोरणा आठवतो का, असे विचारल्यावर तो आकड्यापर्यंत येईना. त्याला आठवत होता जुलैतला पाऊस, रात्री अकराला गेलेली वीज, बिल्ड अर्ध्यावर थांबल्यावर जनरेटरच्या डिझेलसाठी झालेली धावपळ, पहाटे टपरीवर खाल्लेले पोहे आणि त्यावर पावसाचे पडलेले थेंब. ‘तुला मुलगी झाली त्या आठवड्यातली रिलीज ती,’ तो म्हणाला. ‘तू दवाखान्यातून फोनवर होतास.’ हे मी विसरलो होतो. मग जरा थांबून, अगदी सहज, तो म्हणाला: ‘आणि पाच म्हणायचं की नाही यावरून केवढं भांडण झालं होतं. विक्रीवाल्यांनी पाच पुढच्या वर्षासाठी धरून ठेवला होता. एवढा प्रचंड किल्ला, आणि त्याला चार पॉइंट दहा म्हणावं लागलं.’

चार पॉइंट दहा. म्हणजे ४.६ च्या नंतरचा. त्या रात्री अकरा ओळी गेल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी त्या ग्राहकाकडची ५ ऑगस्टची बिले ८ मेची होऊन बसली असती, आणि बारा तारखेच्या पुढची कुठलीच बिले पोहोचली नसती. तोरणा येऊन तेरा वर्षे झाली होती. फक्त त्यांच्याकडे तो आलेला नव्हता.

सकाळी मी तिला हे सांगितले तेव्हा तिने काढलेल्या ओळी परत घातल्या, आणि दुपारी तिने पाठवलेला बदल तपासायला माझ्याकडे आला. कोडमध्ये काहीच फरक नव्हता. फक्त टिप्पणी बदललेली होती. ‘तात्पुरते. सर्व ग्राहक “४.१०” (तोरणा) किंवा पुढे पोहोचल्यावर काढणे.’ शून्य कुणी गिळू नये म्हणून आकड्याला तिने अवतरणचिन्हे घातली होती. खाली माझी आद्याक्षरे तशीच ठेवून शेजारी तिने आपली लिहिली होती.